लाट किनाऱ्याला भिडताच सुनामी सिम्युलेशन रखडते किंवा फुटते: दोष कसा शोधावा

लक्षणे बहुतेकांच्या ओळखीची असतील. खोल समुद्रात रन, म्हणजे सिम्युलेशनची एक फेरी, सुरळीत चालतो. कित्येक तासांचा लाटेचा प्रवास काही मिनिटांत गणून होतो. मग लाट बारीक ग्रिडवरच्या (लहान सेलच्या जाळीवरच्या) किनाऱ्याला भिडते आणि ०.४ सेकंदांवर असलेला टाइमस्टेप (एका पावलात मॉडेलचा काळ जेवढा पुढे सरकतो तो) ०.०३ वर, कधी ०.००१ वर कोसळतो. उरलेल्या अर्ध्या तासाच्या पुरासाठी आधीच्या सगळ्या प्रवासापेक्षा जास्त वेळ लागतो. नाहीतर थेट ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ अशी खूण) येतो आणि रन थांबतो. दुसऱ्या घटनेसाठी, दुसऱ्या गावाच्या ग्रिडवर पुन्हा तेच.

यावर दोन सल्ले हमखास मिळतात: कूरंट संख्या (एका टाइमस्टेपमध्ये लाटेने सेलच्या रुंदीचा किती भाग ओलांडावा याची मर्यादा) कमी करा, किंवा जास्त ताकदीचा जीपीयू (समांतर गणना करणारा ग्राफिक्स प्रोसेसर) घ्या. दोन्हींनी दोष जागच्या जागी राहतो. एक्स्प्लिसिट पद्धतीत (जिथे पुढचे पाऊल थेट आधीच्या मूल्यांवरून काढतात) अख्ख्या ग्रिडचा टाइमस्टेप सर्वांत वेगवान सेल ठरवतो. दहा कोटी सेलपैकी एकाच सेलमध्ये खोटा वेग निर्माण झाला तरी बाकीचे सगळे त्याच्या चालीने चालतात. त्यामुळे सेटिंगला हात लावण्याआधी तो सेल शोधायचा. खालचे विवेचन जिओक्लॉ, सुनामी-हायसी यांसारख्या फायनाइट व्हॉल्यूम मॉडेलांना (सेलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या) आणि स्वतः लिहिलेल्या जीपीयू सॉल्व्हरांना (समीकरणे सोडवणाऱ्या कोडना) लागू आहे. टुनामी, कॉमकॉट यांसारख्या लीपफ्रॉग मॉडेलांत (पातळी आणि प्रवाह आळीपाळीने पुढे नेणाऱ्या) टाइमस्टेप सहसा सुरुवातीलाच ठरवून दिलेला असतो, म्हणून तिथे हेच दोष रखडण्याऐवजी थेट फुटण्याच्या रूपात दिसतात.

आधी टाइमस्टेपचा आलेख

आडव्या अक्षावर मॉडेलमधला काळ, उभ्या अक्षावर टाइमस्टेप, तोही लॉग मापावर. या एका आलेखाच्या आकारावरून निम्मे निदान होते.

पहिल्या पावलापासूनच टाइमस्टेप लहान असेल तर लाटेचा काही संबंध नाही. दोष ग्रिडच्या आखणीत किंवा खोलीच्या डेटात आहे.

बारीक ग्रिड सुरू होताच टाइमस्टेप एकदाच पायरीसारखा खाली आला आणि तिथेच स्थिर राहिला, तर ते स्वाभाविक आहे. १० मीटरचा सेल, २० मीटर खोली आणि ५ मीटर प्रतिसेकंद प्रवाह धरला तर लाटेचा वेग १४ आणि एकूण वेग १९ मीटर प्रतिसेकंद होतो. कूरंट संख्या ०.७५ ठेवल्यास टाइमस्टेप साधारण ०.४ सेकंद येतो. याहून मोठा मिळणार नाही, त्याची अपेक्षाही ठेवू नये.

लाट जमिनीवर चढताना किंवा परतताना आलेखात खोल, अरुंद खाचा पडत असतील तर पातळ थराचा दोष समजा. टाइमस्टेप दर पावलाला घटत घटत जाऊन नॅन आला तर खरी अस्थिरता आहे. अशा वेळी घर्षण, तळातली उडी किंवा दोन ग्रिडमधली सीमा यांकडे पाहा. आणि टाइमस्टेप ठीक असूनही घड्याळ मंद चालत असेल, म्हणजे रनला प्रत्यक्षात फार वेळ लागत असेल, तर गणित निर्दोष आहे, यंत्र अडले आहे. त्याबद्दल शेवटाकडे लिहिले आहे.

तो सेल लॉगमध्ये आणा

कमाल वेग काढताना फक्त आकडा ठेवू नका, त्याचे स्थानही ठेवा. जीपीयूवर हे कमाल मूल्य आणि त्याचा निर्देशांक यांचे एकत्र रिडक्शन (सगळ्या सेलमधून एकच मूल्य काढणे) असते, त्याचा भार नगण्य असतो. दर ५० पावलांनी पुढच्या गोष्टी एका ओळीत लिहा: काळ, टाइमस्टेप, ग्रिडची पातळी, ओळ आणि रकाना, अक्षांश-रेखांश, तळाची उंची, पाण्याची खोली, दोन्ही दिशांचे संवेग (खोली × वेग) आणि शेजारच्या चार सेलच्या तळाची उंची. शेवटचे चार आकडे अनेकजण गाळतात, आणि नेमका दोष बहुधा त्यांच्यातच दिसतो.

या ओळी वाचताना वास्तवाचे एक परिमाण मनाशी असू द्या. २०११ च्या जपानमधल्या तोहोकू सुनामीत केसेन्नुमा खाडीतला व्हिडिओवरून मोजलेला कमाल प्रवाहवेग सुमारे ११ मीटर प्रतिसेकंद होता. मॉडेलमध्ये जमिनीवर २० मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त वेग दिसला तर त्या सेलवर संशय घ्या. १०० च्या पुढचा आकडा म्हणजे गणितातला कचरा.

पहिल्या पावलालाच टाइमस्टेप लहान

इथे कमाल वेगाचा आकडाच दोषाचे नाव सांगतो. उथळ पाण्याच्या समीकरणांत लाटेचा वेग √(९.८१ × खोली) असतो. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल जागी, मारियाना गर्तेत, खोली सुमारे १०,९०० मीटर आहे, तिथेही हा वेग ३२७ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास येतो. लॉगमध्ये ५६७ दिसले तर −३२७६८ हे ‘डेटा नाही’ दाखवणारे मूल्य खोली म्हणून वाचले गेले आहे. ९९० दिसले तर ते मूल्य −९९९९९ आहे. −९९९९ ने ३१३ येतात आणि हा आकडा खरा वाटण्याजोगा असल्याने सर्वाधिक फसवतो. तुमच्या क्षेत्रात गर्त नसेल तर ३१३ दिसताच फाइल उघडा. डेटा आधीच इंटरपोलेट झालेला असेल तर ही मूल्ये आजूबाजूला पसरतात आणि वेग मधलाच कुठलातरी दिसतो. म्हणून ‘डेटा नाही’ची छाननी रीसँपलिंगच्या (डेटा नव्या ग्रिडवर आणण्याच्या) आधी करायची, नंतर नव्हे.

दुसरे कारण बारीक ग्रिडची हद्द. १० मीटर सेलची ग्रिड किनाऱ्याजवळच्या ३००० मीटर खोल दरीवर पसरली असेल तर तिथे लाटेचा वेग १७२ मीटर प्रतिसेकंद आणि टाइमस्टेप ०.०४४ सेकंद होतो. तीच ग्रिड ५० मीटर खोलीपाशी थांबवली तर ०.३४ सेकंद. हद्दीची एक रेघ सरकवून जवळपास आठपट वेग मिळतो, तोही अचूकतेला धक्का न लावता. खोल पाण्यात लाट लांब असते, तिला १० मीटरचे सेल लागतच नाहीत.

अक्षांश-रेखांशाच्या ग्रिडवर उच्च अक्षांशांची आठवण ठेवा. ६० अंशांवर सेलची पूर्व-पश्चिम रुंदी विषुववृत्तावरच्या निम्मी होते. लीपफ्रॉगमध्ये अट आणखी कडक असते: टाइमस्टेप हा सेलची रुंदी भागिले √(२ × ९.८१ × खोली) यापेक्षा लहान हवा. १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे विषुववृत्तावर ४६३ मीटर. ६००० मीटर खोलीला त्यातून १.३५ सेकंद मिळतात. कोणीतरी सोयीसाठी २ सेकंद लिहून ठेवलेले असतात आणि क्षेत्रात खोल गर्त येईपर्यंत ते चालूनही जातात.

स्थिर पाण्याची चाचणी

लाटेचा उगम शून्य करा. बाकी सगळे, म्हणजे ग्रिड, घर्षण, समुद्रपातळी, ग्रिड सुरू होण्याच्या वेळा, जसेच्या तसे ठेवा. मॉडेलमधला दोन तासांचा काळ चालवा. पाणी हलता कामा नये. डबल प्रिसिजनमध्ये (संख्या जास्त अंकांपर्यंत साठवण्याच्या रीतीत) कमाल वेग गोळाबेरजेच्या चुकीइतकाच, म्हणजे १०^−१० मीटर प्रतिसेकंद किंवा त्याहून कमी, असायला हवा. सेंटिमीटर प्रतिसेकंदांत वेग दिसला तर पुढे काहीही तपासू नका, आधी हे मिटवा.

वेग ओल्या-कोरड्या सीमेवर दिसत असेल तर दाबाचा फरक आणि तळाच्या उताराचा परिणाम एकमेकांना तंतोतंत छेदत नाहीत. ऑद्यूस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली हायड्रोस्टॅटिक पुनर्रचना हा यावरचा सरळ उपाय आहे. सेलच्या सीमेवरचा तळ हा दोन्ही बाजूंच्या तळांपैकी उंच असलेला घ्यायचा आणि पाण्याची पातळी वजा हा तळ, ऋण आल्यास शून्य, अशी खोली दोन्ही बाजूंना वापरायची.

वेग जमिनीच्या आत, समुद्रापासून दूर दिसत असेल तर बांधामागच्या सखल जागा पाहा. समुद्रपातळीखालची प्रत्येक जमीन मॉडेल सुरुवातीलाच पाण्याने भरते. समुद्रातल्या एका सेलपासून फ्लड-फिल करून (शेजारून शेजारी पसरत) जोडलेले सेलच ओले ठेवा, बाकीचे सक्तीने कोरडे करा. जिओक्लॉमध्ये यासाठी वेगळी फाइल देण्याची सोय आहे. भरतीच्या पातळीवर रन करताना ही पायरी विसरली तर पुराच्या नकाशात लाटेने कधीच न गाठलेले शेत बुडालेले दिसते आणि इशारा पाहणाऱ्या माणसाला ते खरेच वाटते.

अ‍ॅडॅप्टिव्ह ग्रिडमध्ये (गरजेनुसार सेलचे बारीक तुकडे पाडणाऱ्या) आणखी एक प्रकार घडतो. किनाऱ्यावरचा जाड सेल सरासरीने कोरडा असतो, पण त्याचे बारीक तुकडे केल्यावर काही समुद्रपातळीखाली निघतात. त्या क्षणी लाट आलेली असेल तर कोणती पातळी भरायची हे मॉडेलला कळत नाही. म्हणून किनारपट्टीचे तुकडे लाट पोहोचण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी, पाणी स्थिर असतानाच पाडून घ्या.

पातळ थर: खरा गुन्हेगार बहुधा हाच

लाट परतते तेव्हा उतारावर पाण्याचा अगदी पातळ थर उरतो. मॉडेल खोली आणि संवेग साठवते. वेग काढायला संवेगाला खोलीने भागते. एखाद्या सेलमधून पाणी निघून गेले आणि संवेग मागे राहिला, म्हणजे समजा खोली २ मिलीमीटर आणि संवेग ०.५, तर भागाकार २५० मीटर प्रतिसेकंद येतो. १० मीटर सेलवर टाइमस्टेप ०.०३ सेकंद. वर सांगितलेल्या ०.४ च्या तुलनेत तेरापट मंद, आणि तेही ज्यातून पावलाचा तळवासुद्धा भिजणार नाही अशा पाण्यामुळे.

यावर तीन गोष्टी एकत्र कराव्या लागतात.

एक, कोरडेपणाची मर्यादा. जिओक्लॉमध्ये ती मुळात १ मिलीमीटर आहे. याखालच्या खोलीला दोन्ही संवेग शून्य करायचे, पाणी मात्र तसेच ठेवायचे. ५ ते १० मीटर सेलच्या खऱ्या किनाऱ्यावर १ मिलीमीटर ते १ सेंटिमीटर ही मर्यादा चालते. वेग मिळवण्यासाठी ती १० सेंटिमीटर करण्याचा मोह आवरावा. पुराची पुढची कड पातळच असते. ती गोठवली की सपाट जमिनीवर पाणी उशिरा आणि कमी अंतर पोहोचते. प्रयोगशाळेच्या मापावर याची उलट बाजू दिसते. १:४०० मापाच्या मॉडेलमध्ये १ मिलीमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ४० सेंटिमीटर. अशा चाचणीसाठी मर्यादा ०.१ मिलीमीटरच्या खालीच हवी.

दोन, भागाकाराची सुरक्षित रीत. कुर्गानोव्ह आणि पेट्रोव्हा यांनी २००७ मध्ये दिलेले सूत्र इथे उत्तम काम करते. खोली ‘ख’, संवेग ‘स’ आणि सीमा ‘म’ धरल्यास

वेग = √२ × ख × स ÷ √( ख^४ + कमाल(ख^४, म^४) )

खोली सीमेपेक्षा जास्त असेल तेव्हा हे नेमके संवेग भागिले खोली इतकेच होते, म्हणजे खऱ्या प्रवाहाला हात लागत नाही. वरच्या उदाहरणात सीमा १ सेंटिमीटर घेतली तर २५० चे १४ मीटर प्रतिसेकंद होतात. इथे एक चूक सर्रास होते: वेग दुरुस्त करतात, पण साठवलेला संवेग जुनाच राहू देतात. पुढच्या पावलाला तोच ०.५ परत येतो. दुरुस्त वेग × खोली करून संवेग लगेच पुन्हा लिहा.

तीन, ऋण खोली. सेलमधून एका पावलात बाहेर जाणारे पाणी त्यातल्या पाण्यापेक्षा जास्त झाले की खोली ऋण येते, आणि बरेच सॉल्व्हर ती गुपचूप शून्य करतात. म्हणजे हवेतून पाणी तयार होते. त्याऐवजी त्या सेलमधून बाहेर जाणारे सगळे प्रवाह एकाच गुणोत्तराने कमी करा: उपलब्ध पाणी भागिले बाहेर जाणारे पाणी. शेजाऱ्याच्या हिशेबातही तोच कमी केलेला प्रवाह धरा. एकूण पाण्याचे आकारमान दर काही पावलांनी लॉगमध्ये लिहिले तर हा दोष लपत नाही. बंदिस्त कुंडात डबल प्रिसिजनमध्ये ते बाराव्या अंकापर्यंत तरी स्थिर राहायला हवे.

वेगावर सरसकट टोपी घालणे, म्हणजे २० च्या वर गेला की २० करणे, हा तातडीचा बंदोबस्त म्हणून मान्य आहे. पण किती सेलवर, कोणत्या सेलवर टोपी लागली ते मोजा. ठिकाणे दर वेळी बदलत असतील तर थराचाच प्रश्न आहे. त्याच त्या तीन-चार सेलवर लागत असेल तर तळाचा डेटा बिघडलेला आहे आणि टोपीने तो झाकला जातो आहे.

घर्षण

मॅनिंगचा गुणांक (तळाचा खडबडीतपणा दाखवणारा आकडा) ०.०२५ हा समुद्रतळासाठी नेहमीचा. संवेग कमी होण्याचा दर = ९.८१ × गुणांकाचा वर्ग × वेग ÷ खोलीचा ४/३ घात. १ मीटर खोलीला, १ मीटर प्रतिसेकंद वेगाला हा दर सेकंदाला ०.००६ असतो, म्हणजे किरकोळ. १ सेंटिमीटर खोलीला तो २.८५ होतो. टाइमस्टेप ०.४ असेल तर एका पावलात संवेगाच्या ११४ टक्के वजावट होते आणि पाणी उलट दिशेला वाहू लागते. अर्ध्या सेंटिमीटरला दर ७ च्या पुढे जातो. तिथे संवेग दर पावलाला चिन्ह बदलत वाढतच जातो. आलेखात घसरत घसरत नॅन येण्याचे हे ठरलेले कारण.

उपाय एका ओळीचा आहे. नवा संवेग = जुना संवेग ÷ (१ + टाइमस्टेप × दर). दर कितीही मोठा असला तरी संवेग शून्याकडे जातो, चिन्ह बदलत नाही. घर्षण एक्स्प्लिसिट रीतीने लिहिलेला सॉल्व्हर हातात असेल तर ही ओळ बदलल्याशिवाय पुराची गणना करूच नये.

जमिनीच्या वापरानुसार गुणांकाचा रास्टर (सेलगणिक मूल्यांची फाइल) देत असाल तर त्यातही ‘डेटा नाही’ची मूल्ये तपासा. गुणांकाचा वर्ग होतो, त्यामुळे −९९९९ चे ऋण चिन्ह नाहीसे होते आणि कोणतीही त्रुटी न दाखवता त्या सेलमधले पाणी जागीच गोठते. पुराच्या नकाशात चौकोनी कोरडे ठिगळ दिसले की प्रथम हा रास्टर उघडा.

तळाचा डेटा

लॉगमधला सेल नकाशावर ठेवून पाहा. समुद्राचा सर्वेक्षण-डेटा आणि जमिनीचा उंची-डेटा जिथे शिवलेले असतात त्या रेषेवर तो बसला तर नवल वाटू नये. सागरी नकाशांतल्या खोल्या नीचतम ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून मोजतात, जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून. भरती-ओहोटीचा पल्ला मोठा असलेल्या ठिकाणी दोन्हींत काही मीटरांचे अंतर असते. दुरुस्ती न करता जोडले की किनाऱ्यालगत पाण्याखाली एक खोटी पायरी तयार होते. लाट तिच्यावर आपटून परततेही आणि फुटतेही.

अर्ध्या सेलची सरक हा दुसरा हमखास दोष. गेब्को या जागतिक तळ-डेटाच्या १५ आर्कसेकंदांच्या ग्रिडमध्ये ८६,४०० रकाने आणि ४३,२०० ओळी आहेत. मूल्ये सेलच्या मध्यबिंदूंची आहेत. ती कोपऱ्यांची समजून वाचली तर सगळा तळ सुमारे २३० मीटर सरकतो. खुल्या समुद्रात ते कळत नाही, बंदराच्या तोंडाशी मात्र जलमार्ग जमिनीत घुसतो. ईटोपो१ हा जुना जागतिक डेटा तर दोन्ही प्रकारांत मिळत असे, त्यामुळे जुन्या फाइल वापरताना रकाने मोजूनच पुढे जा.

एकेकट्या सेलचे खड्डे आणि सुळके शोधायला ३×३ चा मध्यक (नऊ सेलमधले क्रमाने मधले मूल्य) पुरतो. मूल्य आणि मध्यक यांत ० ते २० मीटर खोलीच्या पट्ट्यात ५ मीटरपेक्षा जास्त फरक असलेल्या सेलची यादी काढा आणि एकेक डोळ्यांनी पाहा. उपग्रह-रडारवरून काढलेल्या उंचीत झाडांचे शेंडे आणि छपरे मिसळलेली असतात. पूल नदी अडवतात. अशा जागा हाताने कापून जलमार्ग मोकळा करावा लागतो.

सगळ्या तळावर स्मूदिंग फिरवून रन चालता करणे ही मात्र घातक सवय आहे. रन चालेल, पण वाळूच्या टेकड्यांचे आणि बांधांचे माथे खाली बसतील, आणि माथा अर्धा मीटर उतरला तर मागचे अख्खे सखल क्षेत्र बुडालेले दिसू शकते. स्मूदिंग फक्त यादीतल्या सेलपुरते करा. बांध, धक्के, भिंती यांच्या रेषा वेगळ्या घेऊन, त्या रेषेवरच्या सेलना सरासरीऐवजी माथ्याची उंची द्या.

उगमाबाबत थोडक्यात: भूकंपाने तळ किती हलतो ते काढणाऱ्या ओकाडाच्या १९८५ च्या सूत्रांत भ्रंशाची वरची कड तळापर्यंत आणली तर विस्थापनात धारदार पायरी येते, तिच्यातून आखूड लाटा सुटतात आणि त्या किनाऱ्यावर सुळक्यांसारख्या दिसतात. खोल पाण्यासाठी आखूड लाटा गाळणारा काजिउराचा फिल्टर लावा. दिलेली खोली वरच्या कडेची की भ्रंशाच्या मध्याची हेही पाहून घ्या.

ग्रिडच्या आतली ग्रिड

दोष ग्रिडच्या सीमेला समांतर पट्ट्यांत दिसत असेल तर दोन गोष्टी तपासा. पातळ्यांमधले गुणोत्तर ३ ते ६ च्या दरम्यान ठेवा; ३० आर्कसेकंद, ६, १ आणि मग १/३ ही उतरंड चांगली चालते. आणि सीमेपाशी जाड ग्रिडला लाट नीट दिसते का पाहा: एका तरंगलांबीत निदान २० सेल हवेत. १० मिनिटांच्या लाटेची लांबी ४००० मीटर खोलीला ११९ किलोमीटर असते, ५० मीटरला १३ किलोमीटर, १० मीटरला जेमतेम ६. म्हणजे ९२६ मीटरच्या सेलवर ५० मीटर खोलीपाशी १४ च सेल उरतात. तिथून थेट बारीक ग्रिडला लाट देणे म्हणजे आधीच झिजलेली लाट देणे. सीमा बंदराच्या तोंडातून, बेटावरून किंवा तीव्र उतारावरून नेऊ नका. दोन्ही ग्रिडमध्ये तळाची उंची वेगळी निघते आणि स्थिर पाण्याची चाचणी तिथेच नापास होते. सीमेलगतच्या तीन-चार सेलमध्ये बारीक ग्रिडचा तळ हळूहळू जाड ग्रिडच्या तळाशी मिळवला की पट्टे जातात.

टाइमस्टेप ठीक, घड्याळ मंद

पहिला संशय आउटपुटवर घ्या. दहा कोटी सेल, तीन राशी, प्रत्येकी ४ बाइट म्हणजे एक फ्रेम १.२ गिगाबाइट. दर ३० सेकंदांनी आठ तास लिहायच्या तर ९६० फ्रेम, एक टेराबाइटहून जास्त. इशाऱ्यासाठी कमाल पातळी, कमाल वेग, कमाल खोली आणि पहिल्या आगमनाची वेळ एवढीच लागते. ती जीपीयूच्या मेमरीतच दर पावलाला अद्ययावत ठेवा आणि शेवटी एकदा उतरवा. सोबत ठरावीक बिंदूंवरच्या काळमालिका. टाइमस्टेप ठरवण्यासाठी अख्खी वेग-सरणी सीपीयूकडे आणणारे कोडही अजून आढळते. रिडक्शन जीपीयूवर करा, परत फक्त एक संख्या आणा.

सिंगल प्रिसिजनने (कमी अंक साठवण्याच्या रीतीने) उथळ पाण्याचे सॉल्व्हर जवळपास दुप्पट वेगाने चालतात, कारण त्यांची अडचण मेमरीच्या वेगाची असते. पण ४०९६ ते ८१९२ मीटरच्या दरम्यान सिंगल प्रिसिजनमधल्या दोन लगतच्या संख्यांत अर्ध्या मिलीमीटरचे अंतर आहे. एकूण खोली साठवली तर ५००० मीटर पाण्यावरची १ सेंटिमीटरची लाट वीसच पायऱ्यांत मोजली जाते. पातळीचा फरक वेगळा साठवा आणि खोली गरजेपुरती काढा. मग सिंगल प्रिसिजन बिनधास्त वापरता येते.

सीपीयूवर आणखी एक छुपा अडथळा आहे. लाटेच्या पुढे पाणी स्थिर असले तरी गणितात अतिसूक्ष्म संख्या पसरत जातात, त्या १०^−३०८ च्याही खाली गेल्या की प्रोसेसर त्यांच्यावर कैकपट जास्त वेळ घालवतो. कंपायलरला ‘फ्लश टू झीरो’ सांगितले की प्रश्न मिटतो. अनेक जीपीयूंवर विभागणी करताना पट्टे समान क्षेत्राचे न करता ओल्या सेलच्या संख्येवर करा. निव्वळ डोंगराळ जमीन वाट्याला आलेला जीपीयू बसून राहतो आणि बाकीचे घाम गाळतात.

दुरुस्तीनंतर

रन चालू झाला म्हणजे उत्तर बरोबर आले असे नाही. स्थिर पाणी पुन्हा तपासा. मग थॅकरचे १९८१ चे परवलयाकार कुंड घ्या: त्याचे अचूक उत्तर उपलब्ध आहे आणि ओली-कोरडी सीमा सतत पुढे-मागे होत असल्याने पातळ थरातली दुरुस्ती कितपत निर्दोष आहे ते उघड होते. त्यानंतर जपानमधली मोनाई दरी. १९९३ च्या होक्काइदो सुनामीत तिथे पाणी ३० मीटरपेक्षा जास्त उंच चढले होते. १:४०० मापाच्या प्रयोगाचे क्षेत्र ५.४८८ × ३.४०२ मीटर, सेल १.४ सेंटिमीटर आणि येणाऱ्या लाटेची नोंद २२.५ सेकंदांची आहे. तीन मापकांवरची पातळी जुळली पाहिजे आणि अरुंद घळीतली चढाई दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर मर्यादा किंवा घर्षण जास्त झाले आहे. शंकूच्या बेटाची चाचणी सममिती पाहण्यासाठी उपयोगी. बेटाच्या मागे दोन्ही बाजूंनी आलेल्या लाटा नेमक्या मधोमध भेटायला हव्यात.

खऱ्या घटनांशी ताडताना दूरच्या मापकांवर खरी लाट मॉडेलपेक्षा थोडी उशिरा आलेली दिसेल. २०१० च्या चिलीच्या आणि २०११ च्या तोहोकूच्या लाटा पॅसिफिकपार जाताना गणितापेक्षा मागे पडल्या, कमाल सुमारे १५ मिनिटांनी. पाण्याच्या भाराने पृथ्वीचे लवणे आणि समुद्राच्या पाण्याची घनता खोलीनुसार बदलणे ही त्याची कारणे. साध्या उथळ पाण्याच्या समीकरणांत ती नाहीत. घर्षण वाढवून किंवा खोली कमी करून वेळा जुळवायला जाऊ नका, किनाऱ्यावरची उंची बिघडेल.

इशारा द्यायचा आहे आणि रन फुटला

दर १० मिनिटांच्या मॉडेल-काळाला रीस्टार्ट फाइल लिहिण्याची सोय आधीच ठेवा. ताज्या दोन ठेवून जुन्या पुसत जा. रन फुटला की शेवटच्या फाइलऐवजी तिच्या आधीची घ्या, कारण शेवटचीत बिघाड शिरलेला असू शकतो. दोषी सेलभोवतीच्या ३×३ पट्ट्याचा तळ मध्यकावर आणा, वेगाची टोपी २० मीटर प्रतिसेकंदांवर लावा आणि पुढे चालवा.

तेवढाही वेळ नसेल तर जाड ग्रिडवरची ५० मीटर खोलीची कमाल उंची घेऊन ग्रीनचा नियम लावा: उंची खोलीच्या चौथ्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ५० मीटर खोलीवरची १ मीटरची लाट १ मीटर खोलीवर साधारण २.७ मीटर होते. यात खाडीतला अनुनाद नाही, परावर्तन नाही, जमिनीवर पाणी किती आत जाईल तेही नाही. तरी किनारपट्टीचा कोणता तुकडा आधी रिकामा करायचा, एवढे ठरवायला ते पुरते. बारीक ग्रिडचा रन तोवर मागे चालू ठेवा, आणि त्याचा निकाल आला की हे अंदाज नकाशावरून काढून टाका.